चोर गेल्यावर विहिरीत उरते ते

इंधनाच्या पाइपलाइनवर गस्तीचे काम करणाऱ्या माणसाची नजर हळूहळू बिघडत जाते. इतरांना शेतात आधी पीक दिसते, त्याला माती दिसते. कुठे वरचा काळा थर खाली गेला आहे आणि खालचा पिवळा मुरूम वर आला आहे, कुठे बांधालगतची ढेकळे ताजी आहेत, जिथून बैलगाडीही जात नाही अशा वाटेवर जड वाहनाच्या चाकोऱ्या कशा पडल्या, हे तो चालता चालता टिपतो. उकरून परत बुजवलेली जमीन पहिल्या पावसात थोडी तरी खचते आणि तिथे डबके साचते. चोराने कितीही सफाईने बुजवली तरी ही खूण त्याला पुसता येत नाही. पण या नजरेत एक खोट आहे. ती नळाभोवतीच घुटमळते. नळाला भोक पडले की नाही आणि पडले तर बंद झाले की नाही, एवढेच तिला कळते. भोक बंद झाले, टँकर जप्त झाला, चार माणसे आत गेली की तिच्या लेखी प्रकरण मिटले. दुसऱ्या दिवशी येणारी बातमीही याच मापाची असते: इतके हजार लिटर डिझेल, इतक्या लाखांचा मुद्देमाल. माझे म्हणणे असे की हे मापच चुकले आहे. चोराने नेलेले इंधन टँकरमध्ये मावते, मोजता येते, कधी कधी परतही मिळते. त्याने न नेलेले, म्हणजे घाईत बसवलेल्या झडपेच्या कडेने झिरपून मातीत गेलेले इंधन, हे खरे नुकसान. ते कंपनीच्या वहीत येत नाही. ते ज्याच्या विहिरीत उतरते त्याच्या अंगावर येते, आणि तो शेतकरी फिर्यादीत कुठेच नसतो. असलाच तर साक्षीदार असतो, आणि पुष्कळदा पहिला संशयित.

नगर जिल्ह्यातला श्रीगोंदा तालुका डोळ्यांपुढे ठेवून हे सांगतो, कारण तेलाच्या दोन मोठ्या वाटा त्याच्या आजूबाजूने जातात. इंडियन ऑइलची कोयली–अहमदनगर–सोलापूर वाहिनी गुजरातेतून निघते आणि नगरकडून सोलापूरला उतरते. नगरच्या दक्षिणेला अकोळनेरला तेलाचे डेपो आहेत. अकोळनेर आणि सोलापूर हे दोन ठिपके नकाशावर पट्टीने जोडले, तर रेघ मांडवगणच्या आसपास श्रीगोंद्याचा पूर्वेकडचा कोपरा कापून कर्जतकडे जाते. भीमेच्या पलीकडून हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर वाहिनी जाते. वाहिनी म्हटले की डोळ्यांपुढे काहीतरी अवाढव्य येते, पण शेतात उभे राहून पाहिले तर काहीच दिसत नाही. पोलादी नळ साधारण पुरुषभर खोल चरात, मीटर-सव्वा मीटर मातीखाली असतो. वर एखादा पिवळा खांब, त्यावर कंपनीचे नाव आणि फोन नंबर. उसाचा फड वाढला की तो खांबही दिसेनासा होतो. नळातून आज डिझेल, उद्या पेट्रोल अशी माल बदलून ढकलण्याची पद्धत असते, आणि दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या कितीतरी पट. जमिनीचा मालक बदलत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कांत एक नोंद चढते, तेवढीच.

त्या नोंदीमागे १९६२ चा कायदा आहे. पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांसाठी जमिनीचा वापर-हक्क मिळवण्याचा हा कायदा जमीन विकत घेत नाही, फक्त तिच्या पोटातून जाण्याचा हक्क घेतो. मोबदला बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय काम चालू असताना पिकाचे किंवा झाडाझुडपाचे नुकसान होईल त्याची भरपाई. बदल्यात शेतकऱ्याने त्या पट्ट्यावर घर बांधायचे नाही, विहीर, तळे किंवा बंधारा करायचा नाही, झाड लावायचे नाही. श्रीगोंद्यासारख्या लिंबाच्या तालुक्यात ही अट वाटते तितकी हलकी नाही. बागेच्या मधोमध एक मोकळा पट्टा कायमचा सोडायचा, तिथे कांदा किंवा ज्वारी घ्यायची, आणि आपल्या हातून नळाला धक्का लागणार नाही याची जबाबदारीही आपलीच. ओझे शेतकऱ्याने एकदा नाही, रोज वाहायचे असते. म्हणून ‘तेल कंपनीचे, चोरी कंपनीची, गावाचे काय गेले’ हा जो सूर पारावर आणि कचेरीतही ऐकू येतो, तो मुळातच खोटा आहे. नळ गावाच्या पोटात आहे. पोट फुटले तर कुणाचे, हा प्रश्न विचारावा लागू नये.

पोट फुटल्यावर काय होते ते फलटण तालुक्यातल्या सासवड गावाने २०२१ च्या फेब्रुवारीत पाहिले. मुंबई–पुणे–सोलापूर वाहिनीला चोरांनी भोक पाडले, पेट्रोल जमिनीत मुरले, विहिरींच्या पाण्यावर आले आणि उभी पिके करपली. फलटण आणि श्रीगोंदा यांच्यामध्ये भीमा आहे, पण जमिनीची जात एकच. वर उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली सांधे-चिरा असलेला काळा पाषाण. या जमिनीत पाणी वाळूतून झिरपावे तसे सावकाश झिरपत नाही, ते चिरांतून धावते. तेलही त्याच वाटेने जाते. खाली भूजलाची पातळी लागली की ते पाण्यावर तरंगते आणि मग वाट बघत बसते. वाट कसली, तर मोटार चालू होण्याची. विहिरीतून उपसा सुरू झाला की भोवतालची पाण्याची पातळी विहिरीकडे उतरती होते आणि पाण्यावरचा तेलाचा थरही त्या उताराने विहिरीकडे सरकतो. म्हणजे शेतकरी जितका उपसा करतो तितके तो तेल स्वतःकडे ओढत असतो. आपल्या हाताने, आपल्या वीजबिलावर.

इथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. बेंझिन रक्ताचा कर्करोग घडवते हे वैद्यकाने फार पूर्वीच मान्य केले आहे, आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर नसावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्या मर्यादेने भागाकार केला तर एका लिटर पेट्रोलमधले बेंझिन साडेआठ लाख लिटरहून जास्त पाणी पिण्याच्या लायकीचे ठेवत नाही. वीस फूट व्यासाच्या विहिरीत वीस फूट पाणी असेल तर ते पावणेदोन लाख लिटर भरते. म्हणजे एक लिटर, पाच विहिरी. कुणी म्हणेल की सगळे बेंझिन पाण्यात थोडेच उतरते, बरेचसे उडून जाते. खरे आहे. पण गळती एका लिटरची तरी कुठे असते? आणि जे उडून जाते ते हिशेबातून गेले असे समजण्याचे कारण नाही. ते कुठे जाते ते पुढे येईलच. त्याआधी वासाविषयी. गावात पाण्याची परीक्षा नाकाने होते. आठ-दहा दिवस उपसा करून सोडून दिला, वास गेला, की विहीर ‘निवळली’ म्हणतात. पण बेंझिन पाण्यात असल्याचे नाकाला कळायला जे प्रमाण लागते ते या मर्यादेच्या शेकडो पट आहे. वास असला तर पाणी वाईट हे खरे, वास नसला तर चांगले हे खरे नाही.

निवळण्याच्या समजुतीला ऋतूही फसवतात. उन्हाळ्यात पातळी खाली जाते तसा तेलाचा थर खाली उतरतो आणि जाताना मुरमाला, दगडाच्या चिरांना चिकटून राहतो. पावसाळ्यात पातळी वर आली की पाणी त्या चिकटलेल्या तेलातून वर येते आणि वास परत येतो. श्रीगोंद्यात पावसाळाच कशाला हवा? कुकडीच्या डाव्या कालव्याला किंवा घोडच्या कालव्याला आवर्तन सुटले की खालच्या अंगाच्या विहिरी चढतात, आणि वर्षातून जितकी आवर्तने तितक्या वेळा ही उजळणी. पंचनामा मात्र एकदाच होतो, भोक सापडले त्या आठवड्यात. त्या दिवशी विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी साय दिसली तर लिहिली जाते, नाही दिसली तर ‘परिणाम आढळून आला नाही’. पुढल्या आवर्तनात साय वर आली तेव्हा फाइल बंद झालेली असते. पाच वर्षे जपून नुकत्याच धरलेल्या लिंबाच्या बागेची पांढरी मुळे गुदमरून झाड वाळायला सहा महिने लागले, तर ते सहा महिने कुठल्या कागदात बसवायचे? उभ्या गव्हाचा पंचनामा करता येतो. हळूहळू मरणाऱ्या झाडाचा करायला यंत्रणेकडे रकानाच नाही.

आता उडून गेलेल्या इंधनाकडे वळू. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड. ती वर जात नाही, पाण्यासारखी उताराला लागते आणि खळग्यात साठते: चारीत, ओढ्यात, विहिरीच्या पोकळीत, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की ठिणगीची वाट. डिझेल त्या मानाने गरीब. त्याची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला पस्तीस अंशांच्या वर तापमान लागते, तर पेट्रोलला उणे चाळीसही पुरते. पण नगर जिल्ह्याच्या एप्रिल-मेमध्ये पस्तीस अंश म्हणजे सकाळचे अकरा, त्यामुळे डिझेलच्या गरिबीवर फार विसंबून राहू नये. ठिणगीचे म्हणाल तर शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्री येते, म्हणून बहुतेक विहिरींवर ऑटो स्टार्टर बसवलेला असतो. रात्री केव्हातरी वीज येते, पेटीत खटकन आवाज होतो, एक बारीक निळी ठिणगी उडते आणि मोटार सुरू होते. मालक घरी झोपलेला असतो. पेटी कधी विहिरीच्या कठड्यालगत असते, कधी दोन पायऱ्या खाली. चोराने तीन गट पलीकडे काय केले याची त्या पेटीला कल्पना नसते.

आणि फडात माणसे असतात. नळाच्या सुरक्षेच्या चर्चेत ही माणसे कधी येत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते आणि बीड, आष्टी, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, फडाच्या कडेला पडतात, आणि जागा मुकादम निवडतो ती पाणी जवळ, वारा कमी अशी. म्हणजे नेमका खळगा. तिथे पहाटे तीनला चूल पेटते, कारण उजाडायच्या आत भाकरी बांधून फडात उतरायचे असते. तोडणी झाली की पाचट पेटवले जाते. लहान मुले दिवसभर त्याच आवारात. ही माणसे गावची नाहीत, त्यामुळे गावाला एखाद वेळेस माहीत असलेली गोष्टही त्यांना माहीत नसते. पिवळा खांब त्यांच्या लेखी धुणे वाळत घालायला बरा. ओढ्याकडून वास आला तर कुणाच्या ट्रॅक्टरचे डिझेल सांडले असेल म्हणतील, आणि फोन करायचा म्हटला तर कुणाला? आयुष्यभर परक्या गावात राहून कुणाच्या भानगडीत न पडण्याची सवय लागलेल्या माणसाने अनोळखी नंबरावर फोन करून ‘वास येतोय’ सांगावे, ही अपेक्षा कागदावर चांगली दिसते.

यावर नेहमी येणारे पहिले उत्तर असे की हे सगळे नायजेरियात होते, आपल्याकडे नाही. नायजेरियात झाले हे खरेच. ऑक्टोबर १९९८ मध्ये तिथल्या जेसी गावाजवळ फुटलेल्या वाहिनीतले पेट्रोल भरायला जमलेली हजारावर माणसे जळून मेली. भाजलेल्यांपैकी काही जण पोलीस पकडतील या भीतीने दवाखान्यातून निघून गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. २६ डिसेंबर २००६ ला लागोसच्या एका वस्तीत असेच अडीचशेहून अधिक गेले. पण आपल्याशी जवळचे नाते सांगणारे उदाहरण मेक्सिकोचे आहे. १८ जानेवारी २०१९ रोजी हिदाल्गो प्रांतातल्या त्लाहुएलिल्पान गावात चोरांनी फोडलेल्या नळातून पेट्रोलचे कारंजे उडू लागले. ते शेत घासाचे होते, आपण गाईम्हशींना टाकतो तोच लसूणघास. बादल्या, कॅन, ड्रम घेऊन शेकडो माणसे आली, बायका-मुलांसह. सैनिक होते, पण मूठभर, आणि जमाव त्यांना जुमानेना. दोनेक तासांनी आग लागली. मृतांचा आकडा वाढत वाढत १३७ वर गेला. ते दरोडेखोर नव्हते. इंधनचोरी रोखण्यासाठी सरकारने त्या दिवसांत काही वाहिन्याच बंद ठेवल्या होत्या, पंपांवर रांगा होत्या आणि शेतात फुकटचे पेट्रोल उडत होते. आपल्याकडे महामार्गावर टँकर उलटला की काय दृश्य असते ते ज्याने पाहिले आहे त्याने ‘आपल्याकडे नाही’ हे वाक्य उच्चारण्याआधी थोडे थांबावे. आपण वाचलो ते स्वभावाने नव्हे. आपल्याकडचा चोर गुपचूप काम करतो, कारंजे उडू देत नाही, म्हणून वाचलो. आणि याच गुपचूपपणामुळे आपली गळती आठवडे-महिने कळत नाही. तिकडे एका संध्याकाळी जळते ते इकडे वर्षभर मुरते.

दुसरे उत्तर शिक्षेचे. कायदा कडक करा, चोर सुतासारखे सरळ होतील. कायदा कडक आहे. २०११ च्या दुरुस्तीने १९६२ च्या कायद्यातली शिक्षा वाढवली. नळाला बेकायदा जोड दिली तर पाच ते दहा वर्षे सक्तमजुरी, आणि जीवितहानी होईल हे जाणून घातपात केला तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, अगदी फाशीपर्यंत. यापुढे वाढवायला फारसे उरलेले नाही. पण शिक्षेच्या आधी साक्ष लागते, आणि साक्ष गावातून यायची असते. त्याच वर्षी, २५ जानेवारी २०११ ला, मनमाडजवळ पानेवाडीला काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी इंधनभेसळीचा प्रकार स्वतः पाहिला, त्याचे चित्रण करू लागले, आणि त्यांना भर दिवसा पेटवून देण्यात आले. ते प्रकरण टँकरमधल्या इंधनाचे होते, नळाचे नव्हे, पण धंदा एकाच कुळातला. अपर जिल्हाधिकाऱ्याची ही गत, तर रात्री पाण्याची पाळी धरायला गेलेल्या शेतकऱ्याला अंधारात टँकर दिसला आणि तो गोधडी ओढून झोपला, तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार आपल्याला आहे का? शिवाय त्याने कळवले तर पुढे काय होते हे त्याला ऐकून माहीत असते. जबाब, पुन्हा जबाब, ‘तुझ्या शेताशेजारी आणि तुला माहीत नाही?’, आणि चोराने ज्याची जमीन भाड्याने घेतली तो बहुधा भावकीतलाच. गावातले लोक सामील असतात हा आक्षेपही इथेच येतो. असतात. एखादा जमीन देतो, एखादा गोठा देतो, एखादा वाट दाखवतो, महिन्याकाठी चार पैसे मिळतात. पण त्या एकाचे पाप आणि त्याच्या खालच्या अंगाच्या दहा विहिरींचे नुकसान एकाच गावाच्या नावाने एका खात्यात टाकायचे, हा कुठला न्याय? सामील झालेल्याला धरा. पण बाकीच्या दहा जणांना आपण त्याच्याच बाजूला ढकलतो, कारण आपल्या बाजूला येऊन त्यांना काही मिळत नाही.

तिसरे उत्तर यंत्रांचे, आणि आमच्या पाइपलाइनच्या धंद्यात ते सर्वांत लाडके. दोन टोकांचे माप सतत ताडून पाहणारी यंत्रणा आहे, दाब किंचित उतरला की घंटा वाजते, नळासोबत टाकलेल्या प्रकाशतंतूवर कुदळीचा ठोका ऐकू येतो, नळाच्या आतून फिरवला जाणारा ‘पिग’ बाहेरून चिकटवलेले लोखंड दाखवतो, वरून ड्रोन जातो. या सगळ्यांचा उपयोग आहे, आणि त्यांच्यामुळे मोठी चोरी अवघड झाली आहे. पण मापाला चूक असते. समजा नळातून ताशी पाचशे किलोलिटर वाहते आणि एका टक्क्याखालचा फरक मापाची चूक म्हणून सोडून द्यावा लागतो. तर ताशी पाच हजार लिटरपर्यंत जे जाईल ते ‘चूक’ या नावाखाली जाऊ शकते. आता झडपेच्या कडेने तासाला दोन-चार लिटर झिरपणारे तेल घ्या. त्या यंत्राच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. यंत्र कंपनीचा तोटा पकडायला बनवलेले आहे, तो ते पकडते. विहिरीचा तोटा पकडणारे यंत्र म्हणजे माणसाचे नाक, आणि नळापासून हाकेच्या अंतरावर अशी शेकडो नाके आहेत. त्यांचा पगार कुणी देत नाही, विमा कुणी काढत नाही, आणि त्यांनी कळवले तर त्यांचे काय भले होईल हे कुणी सांगत नाही.

म्हणून मुद्दा भरपाईचा येतो, आणि भरपाई म्हटले की चौथा आक्षेप तयारच असतो: कंपनीही चोराची बळी आहे, तिने का भरावे? भावनेला हे पटते, कायद्याला पटत नाही. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की जो उद्योग स्वभावतःच धोक्याचा आहे त्याच्याकडून काही निसटले आणि लोकांचे नुकसान झाले, तर जबाबदारी संपूर्ण. जुन्या इंग्रजी कायद्यातली ‘हे तिऱ्हाइताने केले’ ही पळवाट इथे नाही. सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा १९९१ मध्ये आला. त्यात दोष सिद्ध न करता मदत मिळते, पण मूळ अनुसूचीतल्या रकमा पाहा: मृत्यूला २५ हजार, मालमत्तेच्या नुकसानीला जास्तीत जास्त ६ हजार. सहा हजारांत विहिरीचा गाळही निघत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यानेही दोष सिद्ध होण्याची वाट न बघता भरपाई देण्याची सोय केली आहे, आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यालाच आहे. श्रीगोंद्याहून एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. सोय आहे, फक्त ती शेतकऱ्याने स्वतः पाण्याचा तपासणी अहवाल घेऊन, वकील करून, दारात जाऊन मागायची आहे. ज्याच्या विहिरीचे पाणी गेले त्याने आधी ते गेल्याचे सिद्ध करायचे.

भरपाई दिली तर लोक स्वतःच डिझेल ओतून पैसे मागतील, असेही म्हणतात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, पैसा दिसला की अशा युक्त्या सुचतात. पण याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. नळाच्या दोन्ही अंगांच्या पाव किलोमीटरमधल्या विहिरी आणि बोअर यांचे पाणी काहीही घडलेले नसताना एकदा तपासून आकडे ग्रामपंचायतीत ठेवायचे. भोक सापडले की त्याच दिवशी पुन्हा, मग पावसाळ्यानंतर, मग आवर्तन सुटल्यावर. चार आकडे शेजारी शेजारी मांडले की ओतलेले तेल कोणते आणि मुरलेले कोणते हे लपत नाही: कॅनने ओतलेले एका विहिरीत दिसते, मुरलेले उताराच्या रेषेत एकामागून एक विहिरींत. पिण्याच्या पाण्याचा टँकर आणि जनावरांचे पाणी मात्र पहिल्याच दिवसापासून, काही सिद्ध होण्याची वाट न बघता. त्याने कंपनीचे दिवाळे निघत नाही. आणि ज्या दिवशी गावाला कळेल की वास आल्याचे कळवले तर चौकशी आपली नव्हे, विहिरीची होते, त्या दिवशी गस्तीवरच्या माणसांची संख्या आपोआप शंभरपट होईल.

आपत्कालीन योजना नाहीत असे नाही. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने २०१० मध्ये त्यांचे नियम घालून दिले, जिल्हा प्रशासनाचे काम त्यात नेमून दिले आहे, सरावही होतात. शिट्टी वाजते, पांढऱ्या टोप्या पळतात, फोटो निघतात. पण त्या योजनेत कोप्यांना जागा कुठे आहे? नळ कोणकोणत्या गटांतून गेला याची यादी गट नंबरासह राजपत्रात छापलेली असते. दुसरीकडे साखर कारखान्याच्या शेतकी विभागाकडे उसाची नोंद असते, तीही गट नंबरासह: कुणाचा ऊस, कोणती जात, लागण कधीची, तोड केव्हा. कोणत्या आठवड्यात कोणत्या गटात टोळी उतरणार हे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला माहीत असते, आणि नळ कोणत्या गटाखाली आहे हे तलाठ्याला. दोघे एकाच चहाच्या टपरीवर बसतात. बॉयलर पेटण्याआधी या दोन याद्या एका टेबलावर ठेवल्या आणि जुळणाऱ्या गटांवर लाल पेन्सिलीने खूण केली, तर मुकादमाला सांगता येईल की कोपी त्या ओढ्यात नको, वरच्या माळाला घाल, आणि पहाटे चूल पेटवण्याआधी हवा हुंगून बघ. एका तालुक्यासाठी हे काम एका दुपारचे आहे.